गजूनं सोडलेला गोल

गजानन कोणाच्याही घरी गेला तरी आत येत नाही. दारातच उभा राहतो, पाय फाकवून, गुडघे किंचित वाकवून, दोन्ही हात चौकटीला. दवाखान्यात तसंच, बँकेत तसंच. एका लग्नात त्याच्यामुळे नवरदेव मांडवाबाहेर अडकला होता. "आत ये रे," म्हटलं की त्याचं ठरलेलं उत्तर, "राहू दे. मी आहो ना इथं."

पांढुर्ण्याच्या आमच्या शाळेच्या फुटबॉल टीमचा तो गोलकीपर. मी राखीव खेळाडू, म्हणजे मैदानाच्या कडेला बसून कादंबरी वाचणारा. सौंसरला फायनल होती. सामना संपत आला असताना आमचा कॅप्टन श्याम पडला, नाकातून रक्त आलं. गजू गोल सोडून त्याच्याकडे धावला आणि मागे रिकाम्या गोलात चेंडू गेला. श्याम उठला तो सगळ्यांसमोर ओरडतच, "मी मेलो होतो का बे? काहून सोडला गोल?"

त्यानंतर दोघं बोलले नाहीत. श्याम सौंसरला संत्र्यांच्या व्यापारात गेला, मी शाळेत मास्तर झालो, गजू इथं कापसाच्या जिनिंगमध्ये लागला. आणि दारात उभा राहू लागला.

यंदा उन्हाळ्यात माझी पत्नी गेली. तेव्हापासून गजू रोज संध्याकाळी माझ्या दारात. भेटायला आलेल्यांना तोच परस्पर वाटेला लावतो, "सर वाचून राहिले. उद्या या." माझ्या मेव्हण्यालाही त्यानं असंच परत पाठवलं. पुस्तकाचं तेच पान किती दिवस उघडं होतं, हे त्याला दारातून दिसत होतं.

मग लोधीखेड्याहून दिवाकरचा फोन आला. जुनी टीम रविवारी मला भेटायला येणार होती. "श्यामही येऊन राहिला. त्याचे गुडघे गेले गा, यापुढं काही त्याचं निघणं होत नाही. गजूले सांगून ठेव."

सांगितलं. गजूनं चौकट घट्ट धरली. "त्याले ह्या दारातून आत येऊ देत नाही. अन् तो आत आलाच, तर उद्यापासून मी येत नाही."

रविवार उजाडला.

गाडी थांबली. दिवाकर उतरला, रामाकोन्याचा बंडू उतरला, शेवटी काठी टेकत श्याम. गजू दारात हात पसरून उभा.

"बाजूला हो बे."

"नाही होत."

"मी मनोहरले भेटाले आलो. तुले नाही."

"सर वाचून राहिले."

कोणी हसलं नाही. मी आत, गजूच्या पाठीमागे उभा होतो. श्यामनं काठी पहिल्या पायरीवर टेकली. मग दुसऱ्या. गजू हलला नाही. तिसऱ्या पायरीवर श्यामचा गुडघा वळला, काठी निसटली आणि तो मागे कलंडला.

दार रिकामं झालं. गजू पायऱ्यांवर होता, श्यामला दोन्ही हातांनी छातीशी धरून, धापा टाकत.

श्याम त्याच्या खांद्यावरून दाराकडे पाहत राहिला. "सोडला ना बे गोल पुन्हा," तो हळूच म्हणाला.

"मग तू काहून पडून राहिला दरवेळी?" गजूचा आवाज फाटला होता. हात मात्र त्यानं सोडले नाहीत.

दिवाकर आणि बंडू त्यांच्या बाजूनं सरळ माझ्या घरात शिरले. मागून श्यामला धरून गजू आला आणि त्याच्याशेजारी खाटेवर बसला. दारात कोणीच उरलं नाही.

मी चहासाठी मोठं पातेलं शोधायला आत गेलो. ते कुठं असतं, हे तिलाच माहीत होतं.