सोमणकाकांचा गॅस

सोमणकाका रस्त्यात भेटले तर नमस्कार म्हणत नाहीत, "गॅस बंद केला का?" असं विचारतात. टेक्ससमधल्या शुगर लँड गावातल्या आमच्या गल्लीतली कितीतरी माणसं त्यामुळे अर्ध्या वाटेतून घरी परतलेली आहेत. मीही दोनदा परतलो आहे, आणि माझ्याकडे विजेची शेगडी आहे.

अशा माणसाबरोबर भाड्याच्या पिकअप ट्रकमधून आयोवापर्यंत जायचं कबूल करणं हा माझा शुद्ध गाढवपणा. पण ट्रकमध्ये काकूंचा सागवानी झोपाळा होता. काकू गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी त्यांच्या केतकीनं तिकडच्या एका शेतकऱ्याशी लग्न केलं. काका रुसून लग्नाला गेले नाहीत, आणि तेव्हापासून चार वर्षं बापलेकीचा अबोला. झोपाळा केतकीला द्यायचा, असं काकू सांगून गेल्या होत्या. शेवटी काकांनी मेसेज केला, 'झोपाळा घेऊन रविवारी दुपारी येतो.' उत्तर आलं, 'ओके.'

हे ओके त्यांनी मला ओक्लाहोमात तीनदा आणि कॅन्ससमध्ये पाचदा दाखवलं.

"यात राग आहे का रे?"

मी म्हटलं, नाही काका, बिझी असेल.

"मग पुढे एक स्मायली टाकायला काय झालं होतं?"

दर पन्नास मैलांवर ते ट्रक थांबवायला लावत. ताडपत्रीचे दोर ओढून बघत, गाठ दोनदा हिसकत, टायरला हात लावत, आणि मग फोनमधला गॅसच्या बटणाचा फोटो बघत. एकाच बटणाचे नऊ फोटो होते. आयोवा लागलं तसे थांबे वाढले. दोन्हीकडे मका, मग सोयाबीन, की पुन्हा मका. शेवटच्या दहा मैलांत आम्ही चारदा थांबलो. दारातूनच परत पाठवलं तर या माणसाला घरी कसं न्यायचं, या विचारानं माझाही जीव टांगणीला लागला होता. चौथ्या वेळी काका म्हणाले, "झोपाळा कुरिअर केला असता तर?" मी गाडी सुरू केली.

केतकीच्या अंगणात पोचलो. काका उतरले ते थेट टायर बघायला. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला केतकी घराच्या पायऱ्या उतरून आली. काका दोर चाचपत राहिले, मान वर करेनात.

ती ट्रकच्या दुसऱ्या बाजूला गेली. तिकडची गाठ तिनं हिसकून बघितली, एकदा नाही, दोनदा. मग म्हणाली, "बाबा, गॅस बंद केलात का?"

खिशात नऊ फोटो असलेला तो माणूस दोर घट्ट धरून उभा होता.

"नाही गं आठवत," म्हणाले, आणि रडायला लागले.