चिंचेने घासलेली पिन

"या लताबाईंना चिंच आणायला कोणी सांगितली होती?" पार्टिशनपलीकडे आलेल्या नमुन्यांची नोंद ठेवणाऱ्या साधना मॅडम पुटपुटल्या. पार्टिशन प्लायवूडचं, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

कोणी सांगायला कशाला हवं? अंबडच्या आमच्या धातू तपासायच्या लॅबमध्ये मी एकवीस वर्षं नमुने घासते. शाळा नववीपर्यंतच, पण पोलादाचा तुकडा आरशासारखा करून मायक्रोस्कोपखाली ठेवला, की आतले कण कसे बसलेत ते सरांच्या आधी मी सांगते. असा माझा तोरा. खंडेनवमीला लोखंडाची पूजा, मग पूजेतलं लोखंड काळं कसं चालेल? पाने, पकडी, हातोडे, सगळं चिंचेने लखलखीत केलं. ट्रेमध्ये एक तुटकी पिन होती, दोन तुकडे. तीही घासली. वर हळदकुंकू!

ती पिन क्रेनच्या हुकाची, तपासायला आलेली. क्रेन चालवणारा सुरगाण्याचा हिरामण, सव्वीस वर्षांचा, ओझं अंगावर येऊन गेला.

तुटल्या तोंडावर गंज असला तर भेग जुनी, कारखान्याने बघितली नाही. तोंड कोरं असलं तर पिन एका झटक्यात तुटली, म्हणजे हिरामणनेच जास्त वजन उचललं. हे मला पाठ आहे. पाठ असून घासलं.

बुद्धभूषण सरांनी पिन कापून पाहिली. पोलादच खराब निघू दे, म्हणजे दोष हिरामणवर यायचा नाही, असं मी मनात म्हणत होते. निघतंय कसलं! निकेल-क्रोमचं मिश्र पोलाद, कण नथीतल्या मोत्यांसारखे बारीक, एकसारखे. इतकं देखणं पोलाद बघून रडणारी मी पहिलीच असेन. कारखान्याचे मॅनेजर तर चकचकीत तोंड बघून एवढे खूश झाले, की पिनेला नमस्कार करून गेले. सरांनी अहवालाचा कागद पुढे ओढला, दोनदा पेन बंद केलं.

तेवढ्यात हिरामणची बायको सविता दारात उभी राहिली. सुरगाण्याहून जीपने आलेली.

"सायेब, चूक त्यांचीच व्हती का?"

सर पंख्याकडे बघायला लागले. मी माझ्या पिवळ्या बोटांकडे. सांगायचं म्हणून तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं, "चहा घेतेस?"

साधना मॅडम पार्टिशनच्या बाहेर आल्या.

"गंज होता," त्या म्हणाल्या. "पिन आली तेव्हा मी पाहिला. अर्ध्या तोंडावर. सुट्टीच्या घाईत फोटो काढायचा माझा राहिला. तुझ्या माणसाची चूक नव्हती, बाई."