कॉलनीमागचं स्कॉटलंड

आमचे शेजारी चिंतूकाका रोज सकाळी फाटकाशी उभे राहून एका देशाचं नाव पुकारतात. सोमवारी दक्षिण आफ्रिका, मंगळवारी ऑस्ट्रेलिया. मला वाटलं, क्रिकेटचे सामने असतील. मग एके दिवशी डेन्मार्क निघालं आणि तोही आधार गेला.

देश पुकारून झाला की काका मालतीकाकूंचा हात धरून हर्सूलच्या आमच्या कॉलनीमागच्या माळावर जातात. माळ म्हणजे मुरूम, खुरटी झुडपं आणि कुणाच्या तरी शेळ्या. काका त्याला 'हीथ' म्हणतात.

"हीथ म्हणजे जंगल?" मी एकदा विचारलं.

"नाय हो. झाडं कुठंयत?"

"मग कुरण?"

"गवत तरी कुठंय? गुडघाभर झुडपं नुसती."

"म्हणजे पाऊस कमी?"

"स्कॉटलंडात लई पाऊस! माती गरीब, म्हणून झुडपंच टिकतात. खत टाकलं की हीथ गेलं."

मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

खरा घोळ झाला तो कॉलनीनं माळावर कडुनिंब लावायचे ठरवले तेव्हा. काका थेट खड्ड्यात उतरून उभे राहिले. "झाडं लावली की स्कॉटलंड संपलं!" काकांचं डोकं फिरलंय यावर कॉलनीचं पहिल्यांदाच एकमत झालं. समजूत घालायला मला पाठवलं.

गेलो, तर दारात काकू पिशवी घेऊन उभ्या. डोळे भरलेले. "हे आपलं घर नाय. मला घरी न्या."

"अगं, सहलीला आलोय ना आपण?" काका म्हणाले. "ते बघ स्कॉटलंड. उद्या निघू."

काकूंनी माळाकडं पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

त्या आत गेल्यावर काका हळूच बोलले, "तिला घर ओळखू येत नाय आता. सहल म्हटलं की राहते. फिरायचं राहूनच गेलं होतं आमचं. मागं हा असला माळ, म्हणून असलं रान जगात कुठं कुठं असतं ते हुडकलं. कडुनिंब दिसला तर म्हणेल, हा तर आपलाच मुलूख, मग घरी का नाय नेत?"

कॉलनीला मी काय समजावलं ते माझं मलाच उमगलं नाही, पण कडुनिंब रस्त्याच्या कडेला लागले.

परवा माळावर दोघं भेटले. काकूंनी मला निरखून पाहिलं. "तुम्ही इथलेच का हो?"

काका माझ्याकडं बघत राहिले.

"व्हय," मी म्हणालो. "जन्म इथलाच."

"अगबाई!" काकू हरखल्या. "मराठी किती छान बोलता!"