उलटं पायडल

"रुपाला नि पोरीला मी गाडीवरनं आननार! चालत नाय!"

भगीरथने हे आईला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, शेणवे गावातल्या चहाच्या टपरीवर तर दोनदा सांगितलं. फक्त रुपाला सांगितलं नाही. तिला चकित करायचं होतं! गाडी मात्र त्याच्याकडे तेव्हा कुठलीच नव्हती. पण भगीरथचं कामच असं, आधी गुलाल उधळायचा, निवडणूक मग बघू!

रुपा बाळंतपणाला माहेरी गेलेली. तिची वाडी भगीरथच्या वाडीपासून तासाभराच्या चालीवर. एसटी नाही, आणि जीप फाट्यावर सोडून देते. दिवाळीला भगीरथ उभ्या उभ्या जाऊन लेकीला बघून आला. ती त्याचं बोट मुठीत धरून झोपली, ते बोट सोडवून निघताना त्याचा जीव नुसता गोळा झाला. या पोरीला फुफाट्यातून, उन्हातून पायी पायी आणायचं? छे!

भगीरथ मुरबाडकडच्या एका फार्महाऊसवर झाडांना पाणी घालतो. तिथल्या शेडमध्ये एक जुनी सायकल टांगलेली होती. टायर अजगरासारखे जाड, दांडा कमानीसारखा वाकलेला, सीट एवढी ऐसपैस की शेजारी एखादा पाहुणा बसवावा. "क्रूझर आहे, बाहेरच्या देशातली," शेठ म्हणाले. "ने. गंज सोडून तिच्यात काही राहिलं नाही." भगीरथने ती जीपच्या टपावर बांधली आणि थेट शेणव्याला बुधूच्या दुकानात आणली.

बुधू म्हणजे पंक्चर काढण्यात पंचक्रोशीत पहिला. बाकीची सगळी कामं तो ज्याच्या सायकलीवर शिकेल, त्याचं नशीब!

बुधूने सायकल घासली, तेल पाजलं, पायडल मारलं. चाक फिरलं. मग पायडल उलटं मारलं. खट! चाक जागच्या जागी थांबलं.

"जाम हाय," बुधू म्हणाला.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. उतार लागला की सायकलवाला पाय उलटे फिरवतो आणि मागून 'टर्रर्र' असा आवाज निघतो. त्या टर्रर्रवर माणसाचा रुबाब ठरतो. जी सायकल टर्रर्र करत नाही, ती सायकल कसली? लोखंडाची बकरीच ती!

मग त्या चाकावर उपचार सुरू झाले. रॉकेल झालं, डिझेल झालं, खोबरेल झालं. भगीरथच्या आईने दृष्टसुद्धा काढली. तरी उलटं पायडल मारलं की खट! शेवटी बुधूने मागच्या चाकाचा हब, म्हणजे गाभाच उपटून काढला, भंगारात फेकला, आणि तिथे आपला साधा देशी गाभा बसवला. पायडल उलटं मारलं. टर्रर्रर्र! दुकानात टाळ्या पडल्या. भगीरथने सगळ्यांना चहा पाजला.

त्या सायकलीचा ब्रेक त्या गाभ्यातच होता, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. पायडल उलटं दाबलं की ती थांबायची. तिची रीत तशी होती. या दोघांनी महिनाभर खपून ब्रेक 'बरा' केला!

"पन हिला हातात ब्रेक कसा नाय रं?" बुधूला उशिरा का होईना, शंका आली. त्याने एक ब्रेक लावून पाहिला. जाड टायर त्याच्या चिमट्यात मावेना.

"कंपनीनं दिला नाय, मंजी लागत नसंल!" भगीरथ म्हणाला. "बाहेरच्या लोकांना काय अक्कल नाय का?"

बुधूने ब्रेक परत खोक्यात टाकला. सपाटीवर पाय घासले की सायकल थांबत होतीच.

मग सजावट! हँडल म्हशीच्या शिंगांएवढं उंच केलं. दुकानाच्या शटरचा उरलेला निळा रंग फासला. पोरीसाठी पुढच्या दांड्यावर लहान मुलांची प्लास्टिकची खुर्ची, पाय कापून, बोल्टाने आवळली. वर छत्री. भंगारातल्या टेम्पोचा रिव्हर्स हॉर्न बसवला, तो बटण दाबलं की सनईसारखं गायचा. आईने लिंबू-मिरची आणि काळी बाहुली टांगली. सायकल इतकी सजली की वाडीतली कुत्री तिच्यावर भुंकायला घाबरू लागली.

या सगळ्यात भगीरथ दिवाळीनंतर सासरवाडीला गेलाच नाही. अचानक गाडी घेऊनच जायचं ना! तिकडे मात्र वेगळंच शिजत होतं. रुपाचा फोन आला.

"तुमी येनार हाव का नाय?"

रुपा चिडली की 'तुमी' म्हणते. एरवी 'तू'.

"येनार गो! काम चाललंय एक."

"काय काम?"

"ते आता सांगायचं नाय."

"आई म्हनते, पोरगी झाली म्हनून जावई तोंड फिरवतोय. मी तिच्याशी भांडले. आता माझं तोंड पडायची पाळी आली. रविवारी आलाव तर आलाव. नायतर मी नि माझी पोर हितंच!"

फोन बंद. रंग पुरता वाळला नव्हता, तरी रविवारी सकाळी तो नवा शर्ट घालून निघाला.

रुपाचं माहेर दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगटात आहे. घरासमोरूनच रस्ता जातो. अलीकडून उतार, पलीकडे चढ. भगीरथ उताराच्या तोंडावर आला तेव्हा खाली अंगणात सगळे दिसले. सासरा कमळू, सासू जना हातात ओवाळायचा भाकरतुकडा घेऊन, मेहुणा सुरज. आणि रुपा! कडेवर पोर! भगीरथने ऐटीत हॉर्न दाबला आणि पाय उलटे फिरवले. टर्रर्रर्र!

सायकलीने वेग घेतला. भगीरथने पाय घासले. डाव्या चपलेचा अंगठा तुटून चप्पल मागे उडाली. हॉर्नचं बटण ओल्या रंगात चिकटून बसलं. आणि रिव्हर्सची सनई वाजवत जावईबापू भरधाव पुढे निघाले!

"आले, आले!" जना पुढे झाली.

"मामी, बाजूला व्हाआआ!"

सायकल अंगणासमोरून सूं करून गेली. भाकरतुकडा जनाच्या हातातच राहिला.

"गेले," सुरज म्हणाला.

"बघितलं? थांबला पन नाय!" जनाचा आवाज चढला. "वाजवत गेला, वाजवत! आमाला चिडवायला!"

पोरीचं टोपडं नीट होतं, तरी रुपाने ते परत नीट केलं.

पलीकडच्या चढावर सायकल दमली, थांबली. भगीरथ उतरला. खरं तर सायकल हातात धरून चालत यायचं की नाही? पण गाडी आणली म्हणून सांगायचं आणि सासऱ्याच्या दारात ती ढकलत न्यायची? इज्जतीचा प्रश्न होता! एक चप्पल अजून शाबूत होती. तो परत बसला.

दुसरी चप्पल निम्म्या उतारावर गेली.

"परत आला!" सुरज ओरडला.

"रुपे, मी थांबतोयऽऽ!" असं ओरडत भगीरथ उलट दिशेने अंगण पार करून गेला.

"ही काय थट्टा लावलीया!" कमळूचा संयम संपला. त्याने घरातली खाट ओढली, रस्त्यात आडवी टाकली आणि तिच्यावर मांडी घालून बसला. "आता जाऊ दे. जायचं तर माझ्या अंगावरनं जाऊ दे!"

आधी जिथून निघाला त्याच टेकडीवर भगीरथ आता अनवाणी उभा होता. या वेळी त्याने शहाणपणाने सायकल हातात धरली. पण उतार जोराचा, सायकल जड, आणि हात हँडलच्या शिंगांत वर टांगलेले! सायकलीने त्याला आधी चालवलं, मग पळवलं, मग त्याला ऐसपैस सीटवर पोटावर आडवा पडलेला पाहुणाच करून टाकलं.

समोर खाट. खाटेवर सासरा!

भगीरथने डोळे मिटून हँडल वळवलं आणि सायकलीसकट अंगणाशेजारच्या पेंढ्याच्या ढिगात घुसला.

हॉर्न थांबला. ढिगातून नुसती दोन निळी शिंगं वर दिसत होती. मग पेंढा हलला आणि त्यातून एक डोकं निघालं.

"पोरगी कुठाय?" डोक्याने विचारलं.

रुपा धावत आली. तिच्या मागून जनाही आली, ती भांडायच्या तयारीने. "पोरगी झाली म्हनून थांबत नव्हता ना?"

"थांबत नव्हतो असं नाय, मामी, थांबता येत नव्हतं! तिच्यासाठीच तर खुर्ची लावली!"

सगळ्यांनी वाकून पाहिलं. पेंढ्यात छोटीशी लाल खुर्ची होती. वर मोडकी छत्री. जनाचं तोंड उघडं होतं ते हळूच मिटलं.

पोरीने मात्र बापाच्या केसातली पेंढ्याची काडी पकडली आणि खदखदून हसली. पहिल्यांदाच असं आवाज काढून! रुपाने चिडायचं म्हणून तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते.

सुरज तेवढ्यात सायकल चाचपत होता. तो एका रिसॉर्टवर कामाला. "दाजी, अशा सायकली हायत आमच्याकडं. हिचा ब्रेक पायडलमधीच असतो. उलटं मारलं की थांबते."

भगीरथने पायडल उलटं मारून पाहिलं. टर्रर्र!

"असायचा," तो म्हणाला. "आमी रिपेर केला."

दुपारी जेवून निघायची वेळ झाली. भगीरथने छत्री सरळ केली. "बसव तिला."

"अरे, चार महिन्याची हाय ती! बसता कुठं येतंय?" रुपा म्हणाली.

हे मात्र भगीरथच्या ध्यानातच आलं नव्हतं! शेवटी रुपाने आपलं जुनं लुगडं काढलं आणि पोरीला बापाच्या छातीशी घट्ट बांधलं. ती लगेच झोपली. लाल खुर्चीत, छत्रीखाली, जनाने दिलेला भोपळा बसला. सायकलीच्या मागे कमळूने बैलाचं दावं बांधलं आणि त्याचं टोक रुपाच्या हातात दिलं.

अशी वरात निघाली. पुढे भगीरथ सायकल हातात धरून, छातीशी लेक, मागे दावं धरून रुपा. वाटेत सरपण घेऊन येणारी गोदीमावशी थबकली.

"काय गो रुपे, दावं सायकलीला बांधलंस का नवऱ्याला?"

"दोघांनापन ब्रेक नाय, मावशे!" रुपा म्हणाली आणि दावं ताणून धरलं.

भगीरथला खरं तर झणझणीत उत्तर सुचलं होतं. पण पोर झोपली होती, आणि पुढे उतार होता.