जुन्या टॅबचा शेवटचा निरोप

जुनी वस्तू विकावी तर ती मीच! ही बढाई नाही. आमच्या घरातली डुगडुगणारी खुर्ची मी 'पाठीला व्यायाम देणारी खुर्ची' म्हणून विकली आहे आणि घेणाऱ्यानं वर माझे आभार मानले आहेत. त्यामुळे कपाट आवरता आवरता बायकोनं विचारलं, "अहो, हा तुमचा जुना टॅब टाकून देऊ का?" तेव्हा मला हसूच आलं.

"टाकून? अगं, पहिल्या खेपेतला टॅब आहे तो! अशा वस्तूंची किंमत दिवसेंदिवस वाढत जाते."

"वाढतं ते वय," बायको म्हणाली. "किंमत नाही. तुमच्याकडे बघून सांगतेय."

पण खरंच, त्या टॅबचा एक काळ होता! बाजारात नवे नवे टॅब आले तेव्हा आमच्या सबंध इमारतीत तो एकट्या माझ्याकडे होता. शेजारीपाजारी हात धुऊन बघायला यायचे. मी काचेवर बोट फिरवून फोटो सरकवला की बायका "अय्या!" म्हणायच्या आणि पुरुष "कितीला पडला?" म्हणायचे. पुढं त्याला म्हातारपण आलं. आज बोट टेकवावं, उद्या पान उघडावं! चार्जिंगला लावला की तव्यासारखा तापायचा आणि काढला की मान टाकायचा.

शहाण्यानं आधी बाजारभाव काढावा, म्हणून मी जुन्या मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानदारानं टॅब उलटा केला, सुलटा केला, कानाशी नेऊन हलवला.

"कव्हर छान आहे," तो म्हणाला.

"आणि टॅब?"

"कव्हरचे पैसे देतो. टॅब परत घेऊन जा."

मी गारच पडलो! "अहो, चालू स्थितीत आहे तो!"

त्यानं टॅब सुरू केला. दोन गिऱ्हाइकं आली, घासाघीस करून गेली. चहा आला, पिऊन झाला. टॅब अजून 'सुस्वागतम्' वरच! दुकानदाराला माझी दया आली. "फारच असेल तर भंगारात घेतो, वजनावर," असं म्हणून त्यानं तो काट्यावर टाकला. काटा आमच्याच कंपनीचा निघाला! आमची कंपनी वजनकाटे बनवते आणि मी तिथे दुरुस्ती खात्यात आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला आमच्या काट्याचा राग आला.

टॅब बगलेत मारून मी घरी आलो आणि जाहिरात दिली: 'पहिल्या पिढीतला टॅब, एकहाती वापर, मालकाचा जीव अडकलेला, नाइलाजानं विकणे आहे.'

एकच फोन आला. रविवारी सकाळी येतो म्हणाले. टॅब तापू नये म्हणून मी तो सकाळीच फ्रिजमध्ये ठेवला.

"जावईबापू!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "भाजीच्या कप्प्यात ही पाटी कुणी ठेवली?"

या माझ्या सासूबाई. शाळेत व्यायाम शिकवायच्या. नोकरीतून निवृत्त झाल्या, आवाज मात्र अजून नोकरीतच आहे! त्यांनी हाक मारली की आमच्या जिन्यातली अनोळखी माणसंसुद्धा सरळ उभी राहतात. त्या आमच्याकडे मुक्कामाला होत्या.

"विकायचाय तो, आई. ताजा राहायला हवा," मी म्हणालो.

गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त पोस्टमन. माणूस शांत, डोळ्यांत कौतुक. मी थंडगार टॅब त्यांच्या हातात दिला आणि पान उघडेपर्यंत बोलत राहिलो. हवेवर बोललो, गुडघेदुखीवर बोललो, पोस्टमन या थोर पेशावर बोललो. शेवटी घसा बसला तेव्हा पान उघडलं.

"जरा सावकाश चालतो," मी कबूल केलं.

"चालू दे हो. मला कुठं गाडी पकडायचीय?" ते म्हणाले आणि मी सांगितलेली किंमत मोजून, टॅब पिशवीत घालून निघूनही गेले!

मी बायकोसमोर नोटांचा पंखा करून वारा घेतला. "बघ! याला म्हणतात विक्री!"

जेवणं झाली. मी जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात दाराची घंटा वाजली. दार सासूबाईंनी उघडलं. बाहेर आमचे साहेब, हिशेबखात्यातल्या बाई आणि ऑफिसचा शिपाई! तिघांचे चेहरे पडलेले आणि शिपायाच्या हातात बैलगाडीच्या चाकाएवढं पुष्पचक्र!

"अगंबाई! केवढी फुलं! कुणासाठी हो?" सासूबाईंनी विचारलं.

"सासूबाईंसाठी," साहेब खालच्या आवाजात म्हणाले.

"माझ्यासाठी?" सासूबाई खुलल्या. "अहो, कशाला एवढा खर्च! या, या, आत या!"

हिशेबखात्यातल्या बाईंनी असा काही चीत्कार केला की समोरच्या ब्लॉकचं दार उघडलं. शिपायानं पुष्पचक्र सोडलं, ते घरंगळत सोफ्याखाली गेलं. मी धावत बाहेर आलो. साहेब भिंतीला धरून उभे होते.

"आपण... आपण यांच्या...?"

"सासूबाई! दुसरं कोण असणार?" सासूबाई म्हणाल्या.

"पण तुम्ही तर गेलात!"

"कुठं गेले? सकाळपासून घरातच आहे मी!"

साहेबांनी मला त्यांचा मोबाईल दाखवला. माझ्या नावानं निरोप आला होता: 'साहेब, सासूबाई गेल्या.'

बायकोनं निरोप वाचला आणि माझ्याकडे असं बघितलं की पुष्पचक्र आपल्याच उपयोगी पडणार, अशी माझी खात्री झाली.

"अहो, माझी आई जिवंत आहे! आणि तुम्ही साहेबांना हे असलं लिहिता?"

"मी नाही लिहिलं! म्हणजे... लिहिलं, पण आता नाही!"

हळूहळू डोक्यात उजेड पडला. मी पोस्टमनकाकांना फोन लावला.

"काका, टॅबचं काय केलंत?"

"काही नाही बुवा. नातवानं इंटरनेट जोडून दिलं. तर टॅबनं विचारलं, 'न गेलेले निरोप आहेत, पाठवू का?' मी म्हटलं, पाठव! जन्मभर टपाल वाटलं हो मी. दुसऱ्याचं टपाल अडवणं रक्तातच नाही! एक गेलं. दुसरं निघालंय, चक्र फिरतंय."

दुसरं! त्याचं असं झालं होतं की काही वर्षांपूर्वी, सासूबाई अशाच मुक्कामाला असताना, मी साहेबांना टॅबवरून निरोप लिहायला बसलो होतो. 'साहेब, सासूबाई गेल्या' एवढं उमटलं आणि काच गोठली. मी वैतागून दिसेल तिथं बोटं आपटली. मग उरलेलं वाक्य नव्यानं लिहिलं. तेही अडकलं. शेवटी नाद सोडला. टॅबनं मात्र सोडला नव्हता!

"काका, ते चक्र थांबवा!" मी ओरडलो.

"बटण दाबतोय हो, ऐकतच नाही."

फोन ठेवला, तर सगळे माझ्याकडे बघत होते. मी घाईघाईनं खुलासा केला, "साहेब, निरोप जुना आहे आणि अर्धाच आहे! 'सासूबाई गेल्या' म्हणजे तशा गेल्या नाहीत. पुढं 'आठवड्यापासून' होतं. गेल्या आठवड्यापासून!"

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. हिशेबखात्यातल्या बाई हसल्या. बायकोचीही मुद्रा निवळली. सासूबाई मात्र शिक्षिका. वाक्य अर्धवट सोडणं त्यांना खपत नाही.

"गेल्या आठवड्यापासून काय? वाक्य पुरं करा."

आता काय करणार? पण त्या टॅबच्या मंदपणावर माझा गाढ विश्वास होता. पान उघडायला ज्याला चहा संपेपर्यंत वेळ लागतो, त्याचा निरोप साहेब निवृत्त होईपर्यंत काही पोचत नाही!

"गेल्या आठवड्यापासून... आजारी आहेत," मी म्हणालो. "त्यांच्या सेवेसाठी रजा मिळावी."

सासूबाईंचे डोळे भरून आले! "ऐकलंत, साहेब? तेव्हा मला नुसता खोकला झाला होता हो. आणि हे रजा काढायला निघाले! असा जावई दिवा घेऊन शोधला तरी..."

साहेबांच्या मोबाईलवर 'टिंग' झालं.

आयुष्यात पहिल्यांदा तो टॅब वेळेवर चालला होता!

साहेबांनी चष्मा लावला. "तुमचाच निरोप दिसतोय," असं म्हणत त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, "'आठवड्यापासून मुक्काम ठोकून आहेत. जायचं नाव काढत नाहीत. मला कुठंही दौऱ्यावर पाठवा. कितीही लांब चालेल. दिवसाचा भत्ताही नको.'"

बायकोनं कपाळावर हात मारला. हिशेबखात्यातल्या बाई, भत्त्याचा उल्लेख आल्यामुळे असेल, जरा पुढं सरकल्या. शिपाई सोफ्याखालून पुष्पचक्र ओढून काढायला वाकला तो वाकलेलाच राहिला.

सासूबाई शांतपणे खुर्चीत बसल्या. "साहेब, चहा घ्याल ना? आणि एवढी जावईबापूंची इच्छा आहे, तर पाठवा त्यांना. कितीही लांब."

हे मी दौऱ्यावरून लिहितोय. इथल्या बाजारातला प्रत्येक वजनकाटा माझा दोनदा तपासून झाला आहे. खोलीतला पंखा त्या टॅबपेक्षाही सावकाश फिरतो. भत्ता मंजूर नाही. बाईंनी निरोपाची प्रत माझ्या कागदांना जोडली आहे.

परत कधी येऊ, हे विचारायला काल घरी फोन केला. तो सासूबाईंनी उचलला.

"घाई करू नका, जावईबापू," त्या म्हणाल्या. "साहेबांशी माझं बोलणं झालंय!"