टोपीवाल्याची झिर्र

खुंटीमास्तरांनी गिटार इतकी उत्तम दुरुस्त केली की ती पार कामातून गेली.

गिटार होती टोपीवाल्याची. गावाकडच्या चालींना शहरी ठेका लावून गाणारा हा माणूस गेला, तेव्हा ज्यांनी त्याला कधी पाहिलंही नव्हतं, ते घरचं कोणी गेल्यासारखे रडले. नावाचा टोपीवाला, पण आयुष्यात त्याने कोणाला टोपी घातली नाही. त्याच्या प्रत्येक गाण्यात तारांमागून एक बारीक 'झिर्र' यायची. लोक गाणं गुणगुणताना तीसुद्धा तोंडाने काढायचे. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या मास्तरांच्या कानाला मात्र ती खुपायची. टोपीवाला तारा घ्यायला दुकानात आला की ते म्हणायचे, "ठेवून जा. एका दिवसात हा आवाज घालवतो." तो नुसता हसायचा. गिटार काही तो कधी कोणाच्या हातात द्यायचा नाही.

आज संध्याकाळी सभागृहात त्याच्या आठवणींचा कार्यक्रम होता आणि धाकटा भाऊ ही गिटार वाजवणार होता. तारा उतरवलेली गिटार त्याने कालच आणून दिली, आणि मास्तरांचे हात शिवशिवले. मित्राची शेवटची सेवा! आत एक पट्टी सुटलेली दिसली. "सापडलीस!" म्हणत त्यांनी ती चिकटवली, नव्या तारा चढवल्या आणि लाकूड पुसून लख्ख केलं.

भावाने ती छेडली आणि त्याचा चेहरा पडला.

"मास्तर, ही दादाची गिटार नाही."

"अरे, मी काय बदलून दिली?"

"मग झिर्र कुठंय? लोक काय माझं तोंड बघायला येणारेत?"

मास्तरांचा सगळा जन्म वाद्यांतले नको ते आवाज घालवण्यात गेलेला. ते आणायचे कसे, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी एक स्क्रू सैल केला, तर गिटार भांड्यांच्या कपाटासारखी खडखडली. तारेखाली काडेपेटीतली काडी सरकवली, तर कानाशी डास गुणगुणावा तसं झालं. कागदाची घडी घातल्यावर तर तिने तोंडच मिटलं.

"दादा असा वाजवायचा?" भाऊ रडकुंडीला आला.

शेवटी मास्तरांनी पटाशी उचलली. चिकटवलेली पट्टी पुन्हा उचकटायची, दुसरा इलाज नव्हता.

"भावजी! काय करताय?"

दारात वहिनी उभ्या होत्या, टोपीवाल्याची बायको.

"वहिनी, त्याचा आवाज घालवला हो मी," मास्तर म्हणाले. "जन्मभर घालवतो घालवतो म्हणत होतो, शेवटी करून दाखवलं." आणि एवढा मोठा माणूस ढसाढसा रडायला लागला.

वहिनींनी आधी त्यांच्या हातातली पटाशी काढून घेतली. "आणा ती इकडे. इतकी वर्षं माझ्या घरात सवतीसारखी राहिली, मी कधी मांडीवर घेतलीच नाही." त्या स्टुलावर बसल्या आणि तारांवरून बोटं फिरवली.

झिर्र.

"बिघडली!" मास्तर आनंदाने ओरडले. "वहिनी, बिघडली!"

भावाने गिटार हिसकावून घेतली आणि वाजवली. स्वच्छ आवाज. पुन्हा वहिनींकडे दिली. झिर्र. मास्तर कान लावत लावत गिटारीच्या पाठीपर्यंत पोचले. वहिनींच्या गळ्यातल्या दोऱ्याला एक चावी होती, आणि ती लाकडाला टेकून थरथरत होती.

"घराची आहे," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी सगळ्या हरवल्या. शेवटी मीच दोऱ्यात ओवून ह्यांच्या गळ्यात अडकवली. म्हटलं, कुठं गायचं तिथं गा, पण घरी या. दवाखान्यात कोणीतरी ती माझ्या हातात ठेवली. तेव्हापासून काढवत नाही."

मास्तर खाली मान घालून उभे राहिले. बिचाऱ्या गिटारीला त्यांनी उगाच बोल लावला होता.

"वहिनी, संध्याकाळपुरती देता?" भावाने भीतभीत विचारलं.

वहिनींची मूठ चावीवर घट्ट वळली. "नाही. मला एक कॉर्ड शिकवा. मीच बसते."

संध्याकाळी भाऊ दुसऱ्या गिटारीवर गाणी वाजवत होता आणि वहिनी शेजारी बसून आपली एकच कॉर्ड, कधी वेळेवर, कधी उशिरा. पहिली झिर्र आली तसं सभागृह गलबललं, मग डोळे पुसत सगळे गाऊ लागले. एवढ्यात माइक सांभाळणारा लगबगीने मंचावर आला आणि वहिनींच्या माइकपाशीच वाकून म्हणाला, "काकू, तुमच्या गळ्यातलं काहीतरी गिटारला लागतंय. आवाज खराब येतोय. काढता का जरा?"

पहिल्या रांगेतून सगळ्यांच्या आधी मास्तर उठून गरजले, "खबरदार हात लावलास तर!"