जावईबापूंनी काढलेला फोटो

धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो, आणि त्या साली अधिक भादवा लागला त्याच आठवड्यात कोकिळेचा पाय मुरगळला. माहेरचं बोलावणं दोघांना होतं. पण पायाला हळदीचा लेप लावून भिंतीशी बसलेली कोकिळा म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मले येता येत नाई, तर माह्यं गाव तरी घेऊन या."

बायको असं काही बोलली की शहाणा नवरा "बरं" म्हणतो आणि विसरतो. चिखलीच्या तहसिलीतले कारकून किसनराव तेवढे शहाणे नव्हते. त्यांनी ते मनावर घेतलं.

गाव आणायचं म्हणजे फोटोच आणायचा. फोटोवाल्या बशीरभाईंनी त्यांना एक डब्यासारखा कॅमेरा हात बसवायला दिला होता. त्याच्या फिल्मीत आठ फोटो निघत. तीन तहसिलीच्या इमारतीवर खर्ची पडले होते आणि चार बशीरभाईंच्या बकरीवर (इमारत स्थिर होती, बकरी नव्हती). उरला एक. तो त्यांनी कोकिळेसाठी राखून ठेवला.

कोणता काढायचा हेही ठरलेलं होतं. म्हसोबाच्या डोंगरावरून पहाटे माहेरची पिंपळदरी कशी दिसते, हे कोकिळेनं लग्न झाल्यापासून शंभरदा सांगितलं होतं. सांगताना तिचे हात थांबत आणि भाकरी करपे. दरीत धुकं साचतं, त्यातून आधी पिंपळाचा शेंडा वर येतो, मग धाब्याची घरं, मग एकेका घरावरचा धूर. किसनरावांनी ते कधीच पाहिलं नव्हतं. सासुरवाडीत जावयाला जेवणाच्या पाटावरून अंथरुणावर आणि अंथरुणावरून पाटावर, एवढंच चालू देतात.

पहिल्या दिवशी पुरणाचे अकरा धोंडे पोटात गेल्यावर त्यांनी मेहुण्याला, निवृत्तीला सांगितलं, "उद्या सकाळी डोंगरावरून गावाचा फोटो काढतो. कोकिळेसाठी."

"कोकिळेसाठी?" निवृत्ती म्हणाला. "काहाळा ना, दाजी." आणि लगबगीनं बाहेर गेला. ही लगबग कसली, असं किसनरावांनी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण अकरा धोंड्यांनंतर माणूस फारसं विचारत नाही.

पहाटे ते एकटेच वर चढले. गवत दवानं ओलं होतं, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. माथ्यावर बसून खाली पाहिलं तर गावच नव्हतं, दरीभर नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यातून एक कोंबडा आरवला, कुठे रहाट कुरकुरला, कोणी कोणाला हाक मारली. मग खरंच पिंपळाचा शेंडा वर आला. मग घरं आली, आणि निळसर धुराच्या दोन-तीन रेघा. किसनराव कॅमेरा मांडीवर ठेवून बघतच राहिले. याच दगडावर ती लहानपणी बसत असणार. एवढं सगळं सोडून ही पोर आपल्या दोन खोल्यांत भाकरी करायला आली आणि आपण तिला करपलेल्या भाकरीवरून बोललो, असं वाटून त्यांना फार वाईट वाटलं. ते तसेच किती वेळ बसले कोण जाणे. धूर एकेक करून विझत गेला, तेही त्यांना उशिराच दिसलं.

पायवाटेवर माणसांचा आवाज आला. पुढे नवा फेटा बांधलेला निवृत्ती, आणि मागे लग्नातली लुगडी नेसून आलेली सगळी पिंपळदरी.

"दाजी, आलो आम्ही."

"कुठं?"

"फोटोत. चुली इझवल्या, ढोरं सोडली, सारं गाव वर आनलं."

"अरे, मला घरं हवी होती. धूर हवा होता."

"घराचा फोटो कोन काहाळते, दाजी? कोकिळा घराले रडते का? मानसाले रडते."

किसनरावांनी माणसं बसवली. फेट्यांच्या रांगेमागे दरी पार झाकून गेली. पुढे बायका बसल्या, मधोमध सासूबाई, सोजराबाई. आणि किसनरावांनी कॅमेरा उचलताच सगळ्यांनी पदर हनुवटीपर्यंत ओढले. ते एका घरचे नव्हे, गावाचे जावई होते.

"पदर जरा मागं घ्यायला सांग," किसनराव हळूच म्हणाले.

"जावयासमोर?" निवृत्तीनं विचारलं. "काय म्हून राह्यले दाजी तुम्ही?"

मग किसनरावांना एक कल्पना सुचली (त्यांच्या कल्पनांबद्दल तहसिलीत बरंच बोललं जाई). "मी डोळे मिटतो. मिटूनच खटका दाबतो. तेवढ्यापुरते पदर बाजूला करा."

सासूबाई जावयाशी थेट बोलत नसत. त्या निवृत्तीच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या, बायकांत खसखस पिकली, आणि निवृत्ती म्हणाला, "हाव, मिटा."

किसनरावांनी कॅमेरा पोटाशी धरला, डोळे घट्ट मिटले, मनात कोकिळेचं नाव घेतलं आणि खटका दाबला. डोळे उघडले तेव्हा पदर जागच्या जागी होते. गाव हसत उतरलं, आणि घरी जाऊन किसनरावांनी समाधानानं आणखी नऊ धोंडे खाल्ले.

चिखलीला बशीरभाईंनी फोटो हातात ठेवला आणि ते दुसरीकडे बघू लागले. फोटोत पुरुष डोळे फाडून बसले होते. बायकांच्या जागी बोचकी होती, ओळीनं सतरा.

घरी कोकिळेनं तो उजेडाला धरला. किसनराव ओशाळून म्हणाले, "मी डोळे मिटले होते गं. मग कशाला झाकायचं?"

"आईनंच सांगितलं असन. जावई डोळे मिटतीन, पन त्याह्यच्या डब्याचा डोळा उघडाच हाये ना." मग तिनं बोट ठेवलं. "हे आई. उजव्या हातावर डावा हात ठेवूनच बसते. ही पुष्पाकाकी, पाय पाहा कसा दुमडला. ही रुखमाबाई, जाडी झाली वाटते." सतरांपैकी सतरा तिनं ओळखल्या. मग फोटो छातीशी धरून ती रडली, आणि किसनरावांनाही भरून आलं. गाव आणलं होतं तर.

"मग चांगला आला म्हणायचा?" त्यांनी धीर करून विचारलं.

"चांगला आला." कोकिळेनं डोळे पुसले. "पाय बरा झाला की तो डबा मले द्या. मी जाऊन एक काहाळून आनते. माह्यासमोर कोनी तोंड झाकत नाई."

"आणि मी?"

"तुम्ही," कोकिळा फोटो परत उजेडाला धरत म्हणाली, "घरीच थांबा."